मुंबईहून स्वराजद्वीपला: पहिल्या स्कूबा डायव्हिंगची तयारी, पायरीपायरीने

स्वराजद्वीपला जाऊन आलेल्या मुंबईकरांच्या तक्रारी ऐकल्या, तर त्यांपैकी फार थोड्या समुद्राविषयी असतात. बहुतेक वेळेविषयी असतात. परतीची बोट दुपारची होती म्हणून सर्दी अंगात असतानाच पाण्यात उतरावे लागले, दम्याच्या जुन्या त्रासाविषयी डॉक्टरांचे पत्र जवळ नव्हते म्हणून बाकीचे डाइव्हला गेले तेव्हा किनाऱ्यावर सामान राखत बसावे लागले, तीन दिवसांत उरकायचा कोर्स अर्धवट राहिला, असे सूर त्यांत वारंवार लागतात. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत हॅवलॉक या नावाने ओळखले जाणारे अंदमानातील हे बेट मुंबईपासून सरळ रेषेत सव्वादोन हजार किलोमीटरांहून दूर आहे. तेथे पोहोचण्यासाठी बहुधा दोन विमाने आणि एक बोट बदलावी लागते, आणि एवढे करून गाठलेला समुद्र घड्याळाकडे पाहत पाहण्यात अर्थ नाही. म्हणून जे मुंबईत बसून होऊ शकते ते सारे मुंबईतच उरकावे आणि बेटावरचे दिवस मोकळे ठेवावेत, असा या लेखाचा रोख आहे.

मालवण-तारकर्लीला केलेल्या स्कूबाचा अनुभव अनेकांच्या गाठीशी असतो. तो येथे निश्चित उपयोगी पडतो, परंतु तीच गोष्ट पुन्हा करायची आहे असे समजून जाऊ नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात उथळ पाण्यात प्रशिक्षक आपल्याला धरून थोडा वेळ खाली नेतो. स्वराजद्वीपला पहिल्या प्रायोगिक डाइव्हलाही, जिला तेथे सगळे ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात, प्रशिक्षक सोबत असतोच. पण आधी काही कौशल्ये शिकून दाखवावी लागतात, पाण्याखालचा वेळ अर्धा-पाऊण तासाचा असतो आणि १२ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते. पोहता न येणाऱ्यालाही ही ट्राय डाइव्ह करता येते. प्रमाणपत्राचा ‘ओपन वॉटर’ कोर्स मात्र पोहता येणाऱ्यांसाठी आहे. तो पूर्ण केला की जगात कोठेही, जोडीदारासह, १८ मीटरपर्यंत उतरता येते. दोन्हींसाठी किमान वय १० वर्षे आहे.

या दोहोंपैकी काय करायचे हे रजा किती आहे त्यावरून ठरवावे. बेटावर दोनच दिवस मिळणार असतील, तर ट्राय डाइव्ह करावी आणि कोर्सचा मोह सोडावा. कोर्ससाठी बेटावर चार दिवस हाताशी हवेत, आणि मुंबई ते मुंबई असा हिशेब केला तर आठवडाभराची रजा हवी.

तारखा ठरवताना

अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, साधारणपणे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो, आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला, पाणी गढूळ आणि बोटींचे वेळापत्रक बेभरवशाचे असते. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला, आणि त्यातही जानेवारीनंतर पाणी अधिक शांत व स्वच्छ होत जाते. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ या दिवसांत गर्दी इतकी असते की प्रशिक्षकाचे लक्ष आपल्या वाट्याला किती येईल याची शंका वाटते, त्यामुळे शाळकरी मुले बरोबर नसतील तर फेब्रुवारी-मार्च निवडावा. पाणी वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास असते. तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे ऊब धरून ठेवणारा अंगाबरोबरचा रबरी पोशाख, पुरतो.

महिना ठरल्यावर पंचांग पाहावे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते हे मुंबईत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तेच उधाण बेटाभोवतीच्या प्रवाहांनाही जोर देते. शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या आसपास, कोळी मंडळी जिला भांगाची भरती म्हणतात त्या दिवसांत, प्रवाह तुलनेने मवाळ असतात. चार दिवस इकडे-तिकडे सरकवणे शक्य असेल तर नवशिक्याने समुद्रातल्या डाइव्ह या दिवसांत येतील असे पाहावे.

आता परतीचा दिवस. पाण्याखाली दाब वाढल्यामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, आणि वर आल्यानंतरही तो शरीरातून पूर्णपणे बाहेर पडायला कित्येक तास लागतात. विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारणपणे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना अशा कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, त्वचा, मज्जासंस्था यांना इजा होऊ शकते. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास, आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डाइव्ह केली असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य दंडक आहे. माझा सल्ला सरळ २४ तासांचा आहे. एक कारण सुरक्षिततेचे, आणि दुसरे असे की हवामान बिघडले की बोटी रद्द होतात आणि हा राखीव दिवस तेव्हा उपयोगी पडतो. शेवटची डाइव्ह सकाळी, त्याच दिवशी दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने श्रीविजयपुरमला (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), तेथे एक मुक्काम आणि त्यानंतर विमान, असा क्रम ठेवावा. मधला दिवस वाया जात नाही. सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय मराठी माणूस अंदमानातून परतत नाही, आणि ते पाहायला अर्धा दिवस सहज लागतो. डाइव्हच्या आधी दगदग करून ते उरकण्यापेक्षा शेवटी निवांत पाहिलेले बरे.

मुंबईतच उरकायची कामे

पहिले काम वैद्यकीय प्रश्नावलीचे. प्रत्येक डाइव्ह केंद्र पाण्यात उतरण्यापूर्वी ती भरून घेते: दमा, हृदयविकार, फुप्फुसांचा आजार, अपस्मार, मधुमेह, कानाची वा सायनसची शस्त्रक्रिया, गर्भधारणा, नेहमीची औषधे इत्यादी. ज्या उत्तरांपुढे खूण केली असता डॉक्टरांची संमती लागते, त्यांपैकी एकही उत्तर ‘होय’ असेल तर सहीशिक्क्याच्या पत्राशिवाय प्रामाणिक केंद्र आपल्याला पाण्यात नेणार नाही. फॉर्म आला की सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि येथे ती अंगाशी येऊ शकते. कारण समजून घ्यावे: पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो, १० मीटरवर तो दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. म्हणजे १० मीटरवर फुप्फुसांत भरून घेतलेली हवा, बाहेर न सोडता वर आल्यास, दुपटीने फुगू पाहते. निरोगी माणूस श्वास चालू ठेवतो आणि ती हवा सहज बाहेर पडते. दम्याच्या रुग्णाच्या आकुंचित श्वासनलिकांत ती अडकू शकते. प्रश्नावली केंद्राकडून आधीच मागवून घ्यावी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावी, आणि कानाचा जुना इतिहास असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. बेटावर पोहोचल्यावर हे पत्र मिळवणे ही मोठी यातायात आहे. गर्भवती स्त्रियांनी डायव्हिंग करू नये. याला अपवाद नाही.

दुसरे काम पोहण्याचे. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहून दाखवावे लागते, किंवा मास्क, फिन (पायांत घालायची रबरी वल्ही) आणि स्नॉर्केल (तोंडात धरून श्वास घेण्याची नळी) लावून ३०० मीटर. शिवाय दहा मिनिटे कशाचाही आधार न घेता तरंगावे लागते. वेळेची अट नसते, शैलीचीही नसते. पालिकेचे दादरच्या शिवाजी पार्कजवळचे किंवा चेंबूरचे तरणतलाव यासाठी उत्तम आहेत. निघण्यापूर्वी महिनाभर आठवड्यातून दोन-तीनदा गेले तरी अंगाला सवय होते. तेथेच आणखी एक सराव करावा, जो फारसे कोणी सांगत नाही. मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवावा आणि स्नॉर्केलमधून केवळ तोंडाने श्वास घेत दोन मिनिटे तसेच राहावे. नाकाला पाणी लागले की श्वास आखडतो, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. ती सरावाने मोडते, आणि ज्याची ती मोडली आहे त्याला मास्कमध्ये पाणी शिरण्याची भीती उरत नाही. पहिल्या दिवशी रडकुंडीला येणारे बहुतेक जण याच एका गोष्टीपाशी अडलेले असतात.

तिसरे काम मास्कचे. बाकी सर्व साहित्य केंद्र देते आणि ते विकत घेण्याची नवशिक्याला गरज नाही. मास्क मात्र आपल्या चेहऱ्याचा असावा. दुकानात तो पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा, नाकाने हलका श्वास आत घ्यावा आणि हात सोडावेत. मास्क चिकटून राहिला तर तो आपला. नव्या काचेवर कारखान्यातील पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा चोळून काढला नाही तर काच पाण्याखाली धुरकट होत राहते. मिशी असेल तर ओठावरून पाणी झिरपते. तेथे थोडे पेट्रोलियम जेली लावले की बरेचसे थांबते. चष्मेवाल्यांना नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, किंवा मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावून उतरता येते.

कोर्स करणाऱ्यांनी पुस्तकी भाग घरीच, ऑनलाइन, पूर्ण करून जावे. त्यात दाब, श्वास, उपकरणे, संकेत आणि नियोजन असे धडे असतात आणि नीट वाचायचे तर काही संध्याकाळी सहज जातात. लोकलच्या प्रवासात मोबाइलवर वाचले तरी चालते. मुंबईत काही क्लब तलावातील प्रशिक्षणही देतात. तसे केल्यास ‘रेफरल’चे, म्हणजे तेवढा भाग पूर्ण झाल्याचे, कागद घेऊन केवळ समुद्रातील चार डाइव्ह स्वराजद्वीपला पूर्ण करता येतात, आणि बेटावरचे दोन दिवस वाचतात. ज्यांची रजा तुटपुंजी आहे त्यांच्यासाठी हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

राहिला विमा. नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, म्हणून पॉलिसीतील बारीक अक्षरांचा भाग वाचावा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’, या संस्थेचा खास डायव्हिंगसाठीचा विमा असतो. कोर्स करणाऱ्यांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

केंद्र निवडताना

बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगर या गावांच्या बाजूने, डाइव्ह केंद्रांची रांगच आहे. पॅडी आणि एसएसआय या दोन्ही संस्थांची प्रमाणपत्रे जगभर चालतात, तेव्हा त्यांच्यात डावे-उजवे करत बसू नये. दरपत्रकातील आकडा पाहण्याआधी काही प्रश्न फोनवर विचारावेत: एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात, ट्राय डाइव्ह किनाऱ्यावरून होते की बोटीवरून, बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजनचा संच असतो का आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण कोणाकोणाला आहे, नायट्रोजनच्या बुडबुड्यांवरील उपचारांचा दाबकक्ष म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर लागलाच तर रुग्णाला कोठे आणि कसे नेले जाते, आणि हवामानामुळे डाइव्ह रद्द झाल्यास पैशांचे काय. जे केंद्र या प्रश्नांची उत्तरे न कंटाळता देते, ते बहुधा पाण्याखालीही तितकेच सावध असते. ‘सर, काही काळजी करू नका, सगळे होऊन जाईल’ एवढेच उत्तर मिळाल्यास दुसरीकडे फोन लावावा. प्रशिक्षक हिंदीत शिकवतात, काही मराठी बोलणारेही भेटतात. भाषेची अडचण येत नाही.

प्रवासाविषयी थोडक्यात. मुंबईहून चेन्नई, कोलकाता, बंगळूरु किंवा हैदराबादमार्गे वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरावे; २०२४ च्या सप्टेंबरपासून पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव श्रीविजयपुरम झाले आहे, पण तिकिटांवर जुने नाव दिसले तर गोंधळू नये. भारतीय नागरिकांना या प्रवासासाठी वेगळा परवाना लागत नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र मात्र प्रत्येक ठिकाणी लागते. स्वराजद्वीपची बोट दीड ते अडीच तास घेते. सरकारी आणि खासगी अशा दोन्ही बोटी आहेत आणि हंगामात दोन्हींची तिकिटे आधी संपतात. बोट लागणाऱ्यांनी मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण यांतील काही गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत डाइव्ह करू नये. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, तरीही रोख रक्कम जवळ ठेवावी. आणि घड्याळ भारताचेच असले तरी सूर्य तेथे मुंबईच्या बराच आधी उगवतो नि मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारून येते. त्यामुळे डाइव्हचे सगळे व्यवहार भल्या पहाटे सुरू होतात. आदल्या रात्री मद्य घेऊ नये आणि नऊ-साडेनऊला अंथरुणावर असावे.

डाइव्हच्या दिवशी काय घडते

सकाळी सहा-साडेसहाला केंद्रावर बोलावतात. हलका नाश्ता करून जावे. केळे, टोस्ट, इडली चालते, बटाटेवड्यांनी पोट भरून जाऊ नये. पाणी भरपूर प्यावे. सर्दी असेल किंवा कान भरलेले वाटत असतील तर तसे याच वेळी सांगावे. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती ऐकू नये, कारण गोळीचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा सायनसमध्ये अडकून राहते आणि ते दुखणे खाली जाताना होणाऱ्या दुखण्यापेक्षा वाईट असते.

प्रथम संकेत शिकवतात, आणि त्यांतील एक मुंबईकराने विशेष लक्षात ठेवावा. अंगठा वर करणे म्हणजे ‘मस्त चालले आहे’ असे नव्हे. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे, आणि तो केला की प्रशिक्षक खरोखरच आपल्याला वर घेऊन जातो. सर्व ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ. काही बिघडले असेल तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवावा आणि जेथे त्रास आहे तेथे, कान असेल तर कानाकडे, बोट दाखवावे.

मग साहित्य अंगावर चढते: सिलिंडर बांधलेले हवेचे जॅकेट, कमरेला शिशाची वजने, पायांत फिन. भरलेले सिलिंडर पंधरा किलोंच्या वर जाते आणि किनाऱ्यावरून चालताना खांदे भरून येतात. पाण्यात गेले की ते वजन जाणवत नाही. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरलेला असतो असे बहुतेकांना वाटते. त्यात आपण रोज घेतो तीच हवा, गाळून आणि सुमारे २०० बार दाबाने (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब) भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन तर सहा मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो. उतरण्यापूर्वी जोडीदाराचे साहित्य तपासण्याची पद्धत आहे, आणि ट्राय डाइव्हला हे काम प्रशिक्षक करत असला तरी एक तपासणी आपणही करावी. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे उपकरण, तोंडात धरून तीन-चार खोल श्वास घ्यावेत आणि त्याच वेळी दाबाच्या तबकडीकडे पाहावे. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली जाऊन पुन्हा वर येत असेल तर सिलिंडरची चावी पूर्ण उघडलेली नाही.

पहिला धडा छातीइतक्या पाण्यात गुडघ्यांवर बसून होतो. रेग्युलेटर दातांत हलका धरावा, ओठ मिटावेत, चेहरा पाण्यात न्यावा आणि श्वास घ्यावा. पहिले चार-पाच श्वास घाईघाईचे, उथळ येतात. बुडबुड्यांचा खळखळाट कानांत इतका मोठा वाटतो की काहीतरी बिघडले असावे अशी शंका येते. काही बिघडलेले नसते. श्वास पूर्ण बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यावे, आत घेण्याचे काम शरीर आपोआप करते. यानंतर रेग्युलेटर तोंडातून काढून परत लावणे आणि मास्कमध्ये शिरलेले पाणी काढणे ही दोन कौशल्ये येतात. मास्कसाठी चौकटीचा वरचा काठ बोटांनी कपाळावर दाबावा, नजर किंचित वर न्यावी आणि नाकाने सावकाश फुंकावे. पाणी खालून निघून जाते. सर्व शिकवणीत एक नियम सर्वांत वरचा आहे: श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

खाली जाऊ लागताच कानांवर दाब येतो. खंडाळ्याचा घाट उतरताना कानांना दडे बसतात तसाच हा प्रकार आहे, फक्त येथे तो पहिल्या एक-दोन मीटरांतच सुरू होतो. नाक मास्कवरूनच चिमटीत धरावे आणि तोंड मिटून हलकेच फुंकावे. कानांत बारीक ‘टक्’ होते आणि दाब सुटतो. हे दुखू लागण्याची वाट न पाहता, प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला, आधीच करत जावे. कान सुटला नाही तर जोर लावू नये. हातभर वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा, मग खाली जावे. एक कान लवकर सुटतो आणि दुसरा उशिरा, असे पुष्कळांचे होते. कानासाठी थांबलेल्या माणसाची वाट पाहणे हे प्रशिक्षकाचे कामच आहे, तेव्हा आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होतो आहे या संकोचाने दुखणे दडपू नये.

येथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोणतीही डाइव्ह, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. ऑफिसचा ग्रुप बरोबर आहे, पैसे भरले आहेत, नवरा किंवा बायको पुढे गेली आहे, ही पाण्यात राहण्याची कारणे नव्हेत. घाबरायला झाले तर प्रथम हालचाल थांबवावी, तीन सावकाश श्वास सोडावेत, प्रशिक्षकाची नजर पकडावी आणि त्याला खूण करावी; एकट्याने सुसाट वर धावणे तेवढे कटाक्षाने टाळावे.

खाली काय दिसते

ट्राय डाइव्ह बहुधा किनाऱ्याजवळच्या निमो रीफवर होते. तेथे समुद्रफुलांच्या झुपक्यांत राहणारे केशरी-पांढरे क्लाउन मासे, प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे, फटीतून तोंड बाहेर काढून बसलेली वाम, वाळूवर निपचित पडलेल्या समुद्रकाकड्या, नशीब असल्यास कासव दिसते. मासळीबाजाराशी ओळख असणाऱ्याला तांबोशी आणि हेकरूचे भाईबंद जिवंत, तोऱ्यात फिरताना पाहून गंमत वाटते; भाव विचारण्याचा मोह होतो. प्रमाणपत्र असलेल्यांना बोटीने लाइटहाउस, ॲक्वेरियम अशा जागी नेतात. जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल ही नावे बेटावर सारखी कानांवर पडतील. ती खोल पाण्यातील, प्रवाहाची ठिकाणे आहेत आणि ३० मीटरपर्यंतचा पुढचा कोर्स झाल्यावर पाहायची आहेत.

अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. जाहिरातींतील लालभडक प्रवाळ नुसत्या डोळ्यांनी तसे दिसत नाहीत, कारण पाणी प्रथम लाल रंग शोषून घेते आणि पाच-सात मीटरवरच लाल वस्तू तपकिरी-करड्या दिसू लागतात. छायाचित्रकार टॉर्च वापरतो म्हणून रंग उमटतात. शिवाय १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी पाणी तापल्यामुळे अंदमानातील प्रवाळांचे मोठे विरंजन झाले, म्हणजे रंग उडून ते पांढरे पडले, आणि उथळ पाण्यात मेलेल्या प्रवाळांचे करडे सांगाडे काही ठिकाणी स्पष्ट दिसतात. पाण्याखाली सगळे एकतृतीयांशाने मोठे दिसते, त्यामुळे परतल्यावर सांगितलेल्या माशांच्या आकारातून तेवढे वजा करण्याची डायव्हर मंडळींत पद्धत आहे.

कशालाही हात लावायचा नाही. दगड वाटतो तो विषारी काट्यांचा स्टोनफिश असू शकतो, पंख पसरून डौलात तरंगणाऱ्या लायनफिशचे काटेही विषारी असतात, आणि काळ्या-निळसर पट्ट्यांचा समुद्रसर्प जहाल विषारी असला तरी त्याच्या वाटेला गेले नाही तर तो आपल्या वाटेला जात नाही. घरट्यापाशी असलेला टायटन ट्रिगरफिश तेवढा अंगावर येतो; त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर न जाता आडवे पोहत बाजूला व्हावे. प्रवाळांच्या दृष्टीने आपला सर्वांत धोकादायक अवयव म्हणजे पाय. वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारा प्रवाळ फिनच्या एका फटक्याने मोडतो. श्वास घेतला की शरीर किंचित वर जाते, सोडला की खाली येते, आणि हे क्षणभराच्या विलंबाने घडते. हा विलंब अंगवळणी पडला की हात न हलवता एका पातळीवर तरंगता येते. कोर्समधील चारही डाइव्ह खरे तर याच एका गोष्टीसाठी पुरवून वापराव्यात.

वर येताना बुडबुड्यांपेक्षा सावकाश यावे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. सिलिंडरमध्ये ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर असणे, हा हिशेब ट्राय डाइव्हला प्रशिक्षक ठेवतो. कोर्सपासून तो आपला आपण ठेवायचा असतो. बेटाच्या पूर्वेकडे ओहोटी लांबवर जाते, त्यामुळे बोट उथळात थांबवून प्रवाळांच्या तुकड्यांवरून बरेच अंतर चालत यावे लागते. जुनी, तळ जाड असलेली चप्पल त्या वेळी कामी येते.

डाइव्हनंतर

त्या दिवशी धावणे, व्यायामशाळा, अंग रगडून घेणे आणि मद्य टाळावे. पाणी पीत राहावे. सांध्यांत न समजणारे दुखणे, हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा, अंगावर चट्टे, वाजवीपेक्षा फार थकवा अशी लक्षणे पुढील २४ तासांत दिसली, तर प्रवासाचा शीण समजून झोपून जाऊ नये. केंद्राला तत्काळ फोन करावा, ऑक्सिजन सुरू करून घ्यावा, आणि कोणत्याही परिस्थितीत विमानात बसू नये. कान नुसते भरल्यासारखे वाटणे एक-दोन दिवसांत निवळते. ठणका किंवा स्राव असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि मधल्या काळात पुन्हा उतरू नये.

किनाऱ्यावर पडलेले प्रवाळांचे तुकडे आणि शंख-शिंपले सामानात घालू नयेत. प्रवाळ आणि अनेक शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि श्रीविजयपुरमच्या विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, पुढची चौकशी होते ती वेगळी. मुलांच्या खिशांतही एकदा हात घालून पाहावा.

मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. मुंबईच्या दमट हवेत ओलसर ठेवलेल्या सिलिकॉनवर महिन्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात. प्रत्येक डाइव्हची नोंद, खोली, वेळ, सुरुवातीची आणि उरलेली हवा, किती वजन लावले होते हे सर्व लॉगबुकात लिहून त्यावर प्रशिक्षकाची सही बेटावरच घ्यावी. विशेषतः वजनाचा आकडा पुढच्या वेळी पहिल्या दहा मिनिटांतच उपयोगी पडतो. ट्राय डाइव्हची नोंद कोर्सच्या चार डाइव्हमध्ये धरायची की नाही हे संस्था आणि केंद्र यांवर अवलंबून असते, तेव्हा कोर्सचा विचार असेल तर तसे आधीच बोलून घ्यावे. प्रमाणपत्राला मुदत नसते. परंतु मधे सहा महिन्यांहून अधिक काळ गेला असेल, तर पुढच्या सहलीच्या आधी मुंबईतच एखाद्या क्लबकडे तलावातील उजळणीचे सत्र घ्यावे. बरीच केंद्रे बोटीवर घेण्यापूर्वी शेवटच्या डाइव्हची तारीख विचारतात.